मांजर मेलं का? स्कॉट्स भाषेतले टोमणे

[दृश्य: ग्लासगो. रिपरिप पाऊस. बसथांबा.]

ग्लासगोत एखाद्याची पँट घोट्याच्या चार बोटं वर दिसली, की मित्र अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतो, "इझ द कॅट डीड?" मांजर मेलं का रे? दुखवट्यात झेंडा अर्ध्यावर असतो. तुझी पँटही अर्ध्यावरच आहे, म्हणजे घरात निदान मांजर तरी गेलं असणार.

ही स्कॉट्स भाषा. ती गेलिक नव्हे. गेलिक डोंगराळ मुलखातली नि बेटांवरची, केल्टिक कुळातली. स्कॉट्स मात्र इंग्रजीची सख्खी बहीण. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून ती निघाली आणि स्कॉटलंडच्या सखल भागात वाढली. एके काळी ती दरबारात चालायची, कायदेही तिच्यात लिहिले जायचे. 1603 साली राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसायला लंडनला गेला. 1707 साली एडिनबरातली संसदही गेली. भाषा उरली बाजारात, गोठ्यात आणि चुलीपाशी.

मग शिकल्यासवरल्यांना तिची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने 1752 मध्ये लिहिताना टाळायच्या ‘स्कॉटिश’ शब्दप्रयोगांची यादीच छापली. पुढे 1786 मध्ये रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याने त्याच भाषेतल्या कविता किल्मार्नॉकला छापून आणल्या आणि एडिनबराच्या त्याच उच्चभ्रू दिवाणखान्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. शाळांवर मात्र त्याचा परिणाम शून्य. वर्गात स्कॉट्स बोलणाऱ्या पोरांच्या तळहातावर विसाव्या शतकातही चामड्याचा पट्टा बसत होता. या पट्ट्याला ‘टॉझ’ म्हणत, आणि फाइफमधलं लॉखगेली गाव तो बनवण्यासाठी प्रसिद्ध होतं.

[दृश्य: जुन्या वर्गाचा फोटो. मग फुटबॉलचं मैदान, प्रेक्षकांचा गलका.]

वर्गातून हाकललेली भाषा टिकली ती भांडणात, थट्टेत, लाडात आणि आईच्या ओरड्यात. तिचे वाक्प्रचार ऐकताना हे सारखं जाणवतं. "हॉड युर व्हीश्ट!" म्हणजे तोंड बंद ठेव. "अवा अन बाइल युर हेड!" म्हणजे जा, डोकं उकळून घे. "युर बम्स ऊट द विंडे", शब्दशः तुझं ढुंगण खिडकीबाहेर आहे. हे म्हणायचं कधी, तर समोरचा बेधडक थापा मारत असेल तेव्हा. आणि अक्कल कमी असलेल्याचं "हेड फू ओ मिन्स", डोक्यात खिमा भरलेला. आपल्याकडे कांदे-बटाटे भरलेले असतात, तिथे खिमा. रोजच्या ताटात जे असतं तेच डोक्यात जाणार.

पण या भाषेचा खरा स्वभाव कळतो तो चार शब्दांत: "आ केंट हिज फेदर." मी ओळखायचो त्याच्या बापाला. गावातला पोरगा मोठा झाला, नाव कमावलं, वर्तमानपत्रात फोटो आला. कौतुक चाललेलं असतं आणि कोपऱ्यातून कुणीतरी बिअरचा ग्लास खाली ठेवत एवढंच म्हणतो. त्याचा बाप आमच्यासारखाच होता, हा कुठला एवढा मोठा? झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस एका वाक्यात जमिनीवर. यात असूया आहेच, आणि स्कॉटिश लोक स्वतःच या सवयीवर भरपूर टीका करतात. पण याच वृत्तीची दुसरी, उजळ बाजूही याच भाषेत आहे: "वी आर ऑ जॉक टॅमसन्स बेर्न्स." आपण सगळी जॉक टॅमसनचीच लेकरं. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.

[दृश्य: एडिनबरा. दगडी इमारती, धुराडी.]

एडिनबरावर ग्लासगोकरांचा विशेष लोभ. एडिनबराची माणसं म्हणे "ऑ फर कोट अन ने निकर्स": वर फरचा कोट, आत चड्डीचा पत्ता नाही. बडा घर पोकळ वासा, फक्त जास्त निर्लज्जपणे सांगितलेलं. तिथे पाहुणचारही असा की दारात पाऊल टाकताच यजमान म्हणतो, "यू'ल हॅव हॅड युर टी." तुमचं जेवण झालंच असेल. स्कॉटलंडमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, त्यामुळे पाहुण्याला परत पाठवायची ही सभ्य रीत. एडिनबराकर हा आरोप अर्थातच मानत नाहीत.

स्वयंपाकघरातून आलेले काही वाक्प्रचार आपल्याला थेट ओळखीचे वाटतील. "कॉल्ड केल हेट अगेन", थंड झालेली कोबीची भाजी पुन्हा गरम केलेली. जुनंच गाऱ्हाणं नव्याने उगाळणाऱ्याला हे ऐकवतात. आपण शिळ्या कढीला ऊत म्हणतो. आणि एका जागी न टिकणारा माणूस "हेन ऑन अ हॉट गर्डल", तापलेल्या तव्यावरची कोंबडी.

[दृश्य: 31 डिसेंबरची रात्र. दार उघडतं.]

आशीर्वादही आहेत, नाही असं नाही. वर्षाच्या शेवटच्या रात्री, ज्याला तिथे हॉगमनाय म्हणतात, मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस उंच आणि काळ्या केसांचा असावा, अशी जुनी समजूत. तो हातात कोळशाचा तुकडा घेऊन येतो आणि म्हणतो, "लँग मे युर लम रीक." तुमच्या धुराड्यातून दीर्घकाळ धूर निघो. थंडीच्या मुलखात धूर म्हणजे घरात ऊब, चुलीवर अन्न. एवढ्यावर थांबतील तर ते स्कॉटिश कसले? काही जण पुढे जोडतात: "विथ इदर फोक्स कोल." दुसऱ्यांच्या कोळशावर!

[दृश्य: आजचा वर्ग.]

2022च्या जनगणनेत 15 लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं सांगितलं. 2025 मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. आता प्रश्न शिक्षकांचा. या भाषेला एकच प्रमाण लेखन नाही. ‘काय’ला ग्लासगोत ‘व्हिट’ म्हणतात आणि अ‍ॅबर्डीनकडे ‘फिट’, तिथे "कसं काय?" विचारायचं तर "फिट लाइक?" असं विचारतात. फळ्यावर यातलं कुठलं लिहायचं, यावर वाद चालू आहेत, आणि ते स्कॉट्समध्येच चालू आहेत.