ओसरीवरचं माप
(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी सहा वर्षांच्या आतलं नातवंड आहे असं मला सांगितलंय, म्हणून आज मी तेवढ्याच वयाबद्दल बोलणार आहे. टेबलावर ठेवलेली धान्य मोजायची ही तीन मापं माझ्या सासूबाईंची. हे चिपटं, हे मापटं आणि हा शेर.

सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. मी मात्र बालवाडीची बाई. माझी मुलगी चार वर्षांची होती, दिवसभर आजीजवळ असायची, आणि मला आत कुठेतरी खुपायचं. गावातल्या पोरांना मी शिकवतेय आणि माझी पोर ओसरीवर जोंधळ्यात खेळत बसलीय! एका संध्याकाळी घरी आले, तर सासूबाई कुणाला तरी जोंधळे मापून देत होत्या. पहिलं माप टाकताना त्या ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. शेजारी पोरीचं वेगळंच मापणं चाललेलं. दोन चिपटी ओतली, मापटं भरलं. दोन मापटी ओतली, शेर भरला. मी विचारलं, “शेराला चिपटी किती लागली गं?”

“चार. पण शीग लावायची तर सगळ्यांना लावायची, नाहीतर कुणालाच नाही.”

मी उभीच राहिले. मोजताना माप बदलायचं नाही, हे मी बालवाडीत रंगीत ठोकळे मांडून मांडून सांगत होते. इथे ते एका चार वर्षांच्या मुलीला दाण्यांनी सांगितलं होतं. मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. आपण ‘उत्सुकता शिगेला पोचली’ म्हणतो, तीच ही. तिने ती बोटांनी रचली होती आणि घसरलेली पाहिली होती.

ही मापं बघा किती शहाणी आहेत. प्रत्येक पुढचं माप मागच्याच्या दुप्पट: चिपटं, मापटं, शेर. त्यापुढे चार शेरांची पायली, म्हणजे दुपटीची दुप्पट. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, 1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. व्यवहार सोपा झाला, ते चांगलंच झालं. पण निम्मं आणि दुप्पट ही लहान मुलाला सगळ्यात आधी कळणारी गोष्ट आहे, भाकरी मोडताना कळते. तुमच्यातल्या ज्या आजोबांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-निम्म्याचे पाढे, अजून पाठ आहे, त्यांनी ती नातवाकडून पाठ करून घेऊ नये. भाकरीचे चार तुकडे करून ‘तीन पाव पाऊण’ एवढंच म्हणत नातवाच्या ताटात वाढावी.

मला जास्त टोचलं ते दुसरंच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार तिथला. शिंपले, खडे, पानं, बिया हेच साहित्य. हे सगळं मी प्रशिक्षणात वहीत उतरवून घेतलं होतं. आणि माझ्याच ओसरीवर ते चाललेलं मला दिसलं नव्हतं.

आता मी स्वतः आजी आहे, आणि सुरुवातीला मी मोठी चूक केली. नातू आला की मी परीक्षा घ्यायची. हा रंग कोणता? ही बोटं किती? तो दोन उत्तरं द्यायचा आणि उठून जायचा. मग एक दिवस मी काही न विचारता फुलवाती करायला बसले. कापसाचा पुंजका घ्यायचा, दुधात बोट बुडवून टोक पिळायचं. तो आपण होऊन शेजारी बसला. त्याची पहिली वात म्हणजे नुसता गोळा होता. आठवडाभरात चिमटीला जोर आला. हीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार आहे. पण म्हणून वाती करायला लावू नका, देवापुढे लावायच्या म्हणून करू द्या. काम खरं असलं पाहिजे. त्याने केलेली वात संध्याकाळी खरंच पेटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट फक्त आजी-आजोबांकडेच आहे. या वयाच्या मुलाला मागचं सगळं ‘काल’च असतं. दिवाळीही काल, वाढदिवसही काल. पण ‘तुझा बाबा एवढासा होता, तेव्हा याच उंबऱ्याला अडखळायचा’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते आधी बाबाकडे बघतं, मग उंबऱ्याकडे. कालच्याही मागे काहीतरी आहे हे त्याला तिथे कळायला लागतं. त्याच ओघात आत्या म्हणजे बाबाची बहीण आणि मावशी म्हणजे आईची, हेही उलगडतं.

मघाशी एका आजोबांनी विचारलं, नातू न्यू जर्सीला, फोनवर दोन मिनिटांत कंटाळतो, काय करू? आजोबा, त्याच्याशी बोलू नका, त्याच्याबरोबर काम करा. इकडे तुम्ही मेथी निवडा, तिकडे त्याच्या पुढ्यात त्याची आई मटारच्या शेंगा ठेवील. मधूनमधून गप्प बसलात तरी चालेल.

आता ही मापं मी पहिल्या रांगेपासून फिरवते. शेराला हात लावून बघा, एका बाजूने तो आत दबलाय. माझ्या मुलीने पाचव्या वर्षी ओसरीवरून खाली टाकला होता. सासूबाईंनी तिला बोल लावला नाही. जवळ बसवून म्हणाल्या, “आता यात जोंधळा किती कमी मावतो, ते चिपट्यानं मापून सांग मला.”