गोचिडीचा पत्ता

(दृश्य: पावसाळी सकाळ. भिजून आलेला लॅब्रॅडॉर दारातच अंग झटकतो.)

निवेदन :
पाऊस लागला की जनावरांच्या दवाखान्यात एक वाक्य सारखं कानावर पडतं : "डॉक्टर, दोन दिवस झाले, तोंडच लावत नाही."

डॉक्टर आधी ओठ वर करतात. हिरडीवर अंगठा दाबून सोडतात. दाबलेली जागा पांढरी पडते आणि धडधाकट कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. इथे हिरडी मुळातच फिकट आहे. मग बोटं कानामागे जातात, पट्ट्याखाली, पंजाच्या बेचक्यांत. तिथे सापडते ती. हरभऱ्याएवढी फुगलेली गोचीड.

तिच्या लाळेवाटे रक्तात जे उतरतं, त्याला आपण सरसकट 'गोचीड ताप' म्हणतो. एर्लिकिया हा जिवाणू असेल तर प्लेटलेट्स घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसिया हा एकपेशीय परजीवी असेल तर तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. रक्त वेळेवर तपासलं तर दोन्हींवर औषध आहे. एर्लिकियाच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. आठवड्याभरात स्वारी शेपूट हलवायला लागते आणि गोळ्या बंद होतात. तिथेच घोळ होतो.

(दृश्य: कॅमेरा कुत्र्यावरून भिंतीकडे. स्कर्टिंगची फट.)

अंगावरच्या गोचिडी वेचल्या की काम झालं, असं वाटतं. पण आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि अशा फटीत, पलंगाखाली, चौकटीच्या कोपऱ्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून अंथरूण कढत पाण्यात धुवा, फटी बुजवा, आणि अंगाला औषध डॉक्टरांनी दिलेलंच लावा. रॉकेलचा बोळा तर मुळीच नको. कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटल्याशिवाय राहत नाही. चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ ओढायची. नखाने चिरडायची नाही.

कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला? नाही. मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराला त्याने झटके येतात.

(दृश्य: फ्रिजवरचा औषधांचा डबा.)

या डब्यातली पॅरासिटामॉल त्याहून वाईट. अंग गरम लागलं म्हणून मायेपोटी अर्धी गोळी भरवली जाते. मांजराच्या यकृताला ती निरुपद्रवी करता येत नाही. हिरड्या तपकिरी, निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

कांदा-लसूण शिजवलेलाही चालत नाही. त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे रविवारच्या रश्श्यावर कुणाचा संशयच जात नाही. शिऱ्यातल्या मनुका काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर येतात; कोणाच्या, ते आधी सांगता येत नाही.

(दृश्य: जिन्याखाली उंदराच्या औषधाची वडी.)

पावसात उंदीर घरात शिरतात. त्यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा आजार पसरतो, तो माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी चुकवू नका. उंदरांसाठी ठेवलेली वडी कुत्र्यानेच खाल्ली, तर बहुतेक वड्यांमधलं विष रक्त गोठू देत नाही. तरी तीन-चार दिवस तो नेहमीसारखाच खेळतो. रक्तस्राव नंतर सुरू होतो.

तेव्हा लक्षणांची वाट बघत बसू नका. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, त्याचाच अपाय होतो. कचऱ्याच्या डब्यातून पाकीट शोधा आणि दवाखान्यात सोबत न्या. त्यावरचं विषाचं नाव वाचून डॉक्टर ठरवतात, रक्त गोठायला लागणारं के-१ जीवनसत्त्व द्यायचं की आणखी काही.