बिननावाची फ्रेम

(खोक्यावर कटर फिरतो. टेप फाटल्याचा आवाज.)

हे खोकं आलंय श्यामेनहून. चीनच्या फुजियान प्रांतातलं, तैवानच्या समोरचं हे बंदर. तिथून निघून, कस्टम्सची ड्युटी भरून, ते पुण्यात कसबा पेठेतल्या एका सायकलच्या दुकानात पोचलंय.

आत माउंटन बाइकची फ्रेम आहे. कार्बन फायबरची, काळी, मॅट. 29 इंची चाकांसाठी. हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे नाही. तिच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. स्टिकर नाही, बिल्ला नाही.

(वजनकाटा.)

1 किलो 180 ग्रॅम.

फ्रेम धरून उभा आहे तो मुलगा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो. ही सायकल तो स्वतः बांधणार आहे. आणि चहाचा ग्लास खाली ठेवून पुढे आलेत ते काका, या दुकानाचे मालक. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, चाकाचा आऊट काढणं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी अंगठ्याने फ्रेमची नळी दाबून पाहिली.

"प्लास्टिकची आहे का रे ही?"

"अर्धं बरोबर आहे काका."

(फ्रेमचा पृष्ठभाग, अगदी जवळून. तिरपा उजेड.)

खरंच अर्धं बरोबर आहे. यात दोन गोष्टी आहेत. एक कार्बनचा धागा आणि दुसरं त्याला धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. धाग्यातली एक तार साधारण 7 मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अशा हजारो तारांचा एक पेड होतो.

तो बनतो पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर याच घराण्यातली. हा धागा आधी हवेत 200 ते 300 अंशांपर्यंत तापवतात. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत 1000 अंशांच्या वर नेतात. बाकीचं सगळं उडून जातं, मागे कार्बन उरतो. ही वाट जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी 1960 च्या आगेमागे दाखवली आणि 1971 मध्ये तोरे या जपानी कंपनीने असा धागा बाजारात आणला. सायकलीत तो यायला आणखी काही वर्षं लागली. 1986 मध्ये अमेरिकेतल्या केस्ट्रेलने पूर्ण कार्बनची फ्रेम विकायला काढली आणि पुढच्याच वर्षी तैवानच्या जायंटने आपली कॅडेक्स आणली. तिच्यात कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या.

पण धागा कितीही भारी असला तरी फ्रेमची ताकद ठरते थर कसे रचलेत त्यावर. रेझिन लावलेलं कार्बनचं कापड फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं, बाहेर राहिलं तर ते हळूहळू कडक व्हायला लागतं. त्याचे तुकडे कापायचे आणि हाताने रचायचे. एका फ्रेमला असे शेकडो तुकडे लागतात. हा सरळ, तो 45 अंशांत, पुढचा आडवा. पॅडल मारताना फ्रेम पिळली जाते तिथे तिरपे थर जास्त. खड्ड्याचा धक्का येतो तिथे वेगळी रचना. आत फुगा, बाहेर पोलादी साचा, दीडशे अंशांच्या आसपास उष्णता. फुग्यात हवा भरली की थर साच्याला दाबले जातात, त्यांच्यात अडकलेली हवा आणि जादा रेझिन बाहेर पडतं. साच्यातून निघालेल्या फ्रेमवर पॉलिश पेपर फिरवणारे हातही माणसांचेच.

(फ्रेम उलटी. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या जागेच्या, खालचा भाग.)

मोठ्या कंपन्या स्वतःचे साचे बनवून घेतात. त्या साच्यांवर मालकी त्यांची असते, त्यातली फ्रेम दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ही फ्रेम मात्र खुल्या साच्यातली आहे. साचा कारखान्याचा, फ्रेम मागेल त्याला. एखादा छोटा ब्रँड पन्नास घेतो आणि स्वतःचं नाव रंगवतो. आपल्यासारखा एक घेतो आणि तशीच ठेवतो. अशा हार्डटेल फ्रेमला साधारण चारशे ते सहाशे डॉलर पडतात, कुरिअर आणि ड्युटी वेगळी.

लोक याला "चायना माल" म्हणून मोकळे होतात. त्यांनी आपली नामांकित कार्बन सायकल एकदा उलटी करून बघावी. बहुतेकींवर तैवान नाहीतर चीन असंच छापलेलं सापडेल. हो, मोठ्या ब्रँडचं नाव चोरून रंगवलेल्या नकली फ्रेमही बाजारात आहेत, आणि त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये. ही फ्रेम तसलं काही सांगत नाही. ती कुणाचंच नाव लावत नाही, म्हणून तिची परीक्षा आपल्याला घ्यावी लागते.

(दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. अंधार. टॉर्च.)

पहिली परीक्षा उजेडाची. हेड ट्यूबमधून, म्हणजे फोर्क बसतो त्या पुढच्या नळीतून, बारीक कॅमेरा आत सोडलाय. आतला पृष्ठभाग बघा. फुगा नीट बसला नसेल तर इथे सुरकुत्या दिसतात आणि सुरकुती म्हणजे वाकलेला धागा. वाकलेला धागा पूर्ण भार घेत नाही. इथे सांध्यापाशी थोडं जादा रेझिन साचलंय. सुरकुती नाही.

दुसरी परीक्षा कानाची.

(नाण्याचा आवाज. टक, टक, टक. निवेदन नाही.)

रुपयाचं नाणं. डाउन ट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरप्या नळीवर, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टेवर, प्रत्येक सांध्यावर. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असले की आवाज खणखणीत येतो. मध्ये पोकळी असेल तर बद्द. सांध्यापाशी नळी जाड होते तसा आवाज बदलतोच, म्हणून डावी आणि उजवी बाजू एकाच जागी वाजवून ताडून पाहायची. इथे काकांचा कान त्या मुलापेक्षा तयार आहे. मागच्या डाव्या सांध्यावर ते थांबले, पुन्हा वाजवलं, मग उजवीकडे वाजवलं. मान हलली. चालेल.

तिसरी परीक्षा दोऱ्याची. मागच्या ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या जागेला, दोरा बांधला, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला. आता सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं भरलं तर फ्रेम सरळ आहे. व्हर्नियर हातात धरलाय तो माणूस दिवसभर मायक्रॉनच्या हिशेबात काम करतो. त्याचा चेहरा बघा.

कारखान्याने चाचणीचा कागद दिलाय. आयएसओ 4210 या मानकानुसार माउंटन बाइकच्या फ्रेमला पॅडलच्या जागी 1200 न्यूटनचा भार 1 लाख वेळा सोसावा लागतो. कागदावरचा मॉडेल नंबर आणि मागवलेल्या फ्रेमचा मॉडेल नंबर एकच आहे ना, एवढं ऑर्डर देण्याआधी बघायचं. अनेक जण बघत नाहीत.

(बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, बॉटम ब्रॅकेटच्या भोकात उतरतो.)

आता जुळणी. सुरुवात बॉटम ब्रॅकेटपासून, कारण बिघडायचं ते इथे बिघडतं. या फ्रेममध्ये आटे नाहीत, बेअरिंगचे कप दाबून बसवायचे आहेत. भोक 41 मिलिमीटरचं हवं. बोअर गेज आडवा लावला, उभा लावला, आत नेऊन पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूलाही तेच. भोक किंचित अंडाकृती असेल, तर ही सायकल चढावर आयुष्यभर करकरत राहील. अशा फ्रेमबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असावं, असं आम्हाला वाटतं. भोक गोल निघालं.

कप बसवायचं हे हत्यार विकतचं नाही. आटे पाडलेला रॉड आणि दोन बाजूंना दोन चकत्या. चकत्या त्याने सुट्टीच्या दिवशी लेथवर वळवल्या, कपाच्या कडेवर बरोबर बसतील अशा. इथे हातोडा चालत नाही. पाना अर्धा फेरा फिरवायचा, थांबायचं, कप तिरका तर जात नाही ना ते चारी बाजूंनी बघायचं. पुन्हा अर्धा फेरा.

(कप पूर्ण बसतो. बारीक "टक्".)

बसला.

हेडसेटला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगना, हत्याराची गरजच नाही. बेअरिंग फ्रेममध्ये नुसतं ठेवायचं. वरचं 41.8 मिलिमीटरचं, खालचं 52 चं, कोन 45 अंश. हा कोन चुकला की बेअरिंग बसल्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात खुळखुळायला लागतं.

(फोर्कची नळी व्हाइसमध्ये. करवत.)

फोर्कची नळी कापायची वेळ. एकदा कापली की लांबी परत येत नाही. हँडलची उंची बसून पाहिली, नळीवर खूण केली, खुणेच्या वर आणखी एक स्पेसर ठेवला आणि मग करवत लावली. कापलेल्या कडेवर कानस फिरवली.

पुढचं दृश्य आम्ही कापलेलं नाही, कारण यात खरं कौशल्य आहे. मागच्या ब्रेकची नळी हँडलपासून फ्रेमच्या पोटातून मागे न्यायची आहे. भोक जेमतेम नळीएवढं. आत काही दिसत नाही. आधी दोरा सोडला, त्याच्या टोकाला लोखंडी कण, आणि बाहेरून लोहचुंबक धरून तो कण फ्रेमच्या पोटातून ओढत नेला. मग दोऱ्यामागून नळी. नळीवर फोमचं आवरण चढवलंय, नाहीतर प्रत्येक दगडावर आतून खडखड येईल.

(लोहचुंबक डाउन ट्यूबवरून सरकतो. निवेदन नाही.)

चाकं काकांनी बांधली. 32 तारा, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते. 29 इंची चाक त्यांनी आधी कधी बांधलं नव्हतं.

"चाक ते चाक. सव्वीसचं काय नि एकोणतीसचं काय."

दुकानात डिजिटल मीटर नाही. एक जुना फोर्क उलटा करून व्हाइसमध्ये पकडलाय, तोच त्यांचा स्टँड. तारांची चावी पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मध्येच ते तार छेडतात आणि ऐकतात. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक आला पाहिजे, सतारीची तरफ लावावी तसा. मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या चक्रांच्या, बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या, त्यामुळे तिकडचा सूर वरचा. चाक फिरवलं. रिम आणि फोर्कमधली फट बघा, कुठे कमी-जास्त होते का. या शहरात चाकाचा असा आऊट काढणारे हात आता थोडे उरलेत, आणि कार्बनच्या सायकलीलाही शेवटी तेच हात लागतात.

(टॉर्क रेंचचा क्लोज-अप.)

मग घट्ट करणं. लोखंडी सायकलीत पाना मारताना हाताचा अंदाज पुरतो. कार्बनला अंदाज चालत नाही, जास्त आवळलं तर नळी आतून चिरडते आणि वरून काहीच दिसत नाही. सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, 5 न्यूटन-मीटर. ब्रेकच्या तबकडीच्या स्क्रूंना 4 पासून 6 पर्यंत टप्प्याटप्प्याने, समोरासमोरचे आधी. शिमानोच्या क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांड्याला, 12 ते 14. कॅसेटच्या रिंगला मात्र 40, तिथे जोर लावायचा. सीटपोस्टवर ग्रीस लावलं नाही. तिथे बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लागते, म्हणजे कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. ठरलेला जोर लागला की टॉर्क रेंच "कट्" करतो, मग हात सोडायचा.

काकांनी दोनदा तो "कट्" ऐकला आणि रेंच स्वतःच्या हातात घेतला.

चेन, गिअर बदलणारा डिरेल्युर, ब्रेकमध्ये मिनरल ऑइल भरून हवा काढणं, टायरमध्ये ट्यूबऐवजी सीलंट. ही कामं एका संध्याकाळी उरकली.

(वेताळ टेकडी. सकाळ. गिरिपुष्पाची झाडी.)

वेताळ टेकडी, उंची सुमारे 800 मीटर, पुणे शहरातली सर्वात उंच. वर मुरूम, खाली काळा बेसाल्ट, पावसाळ्यानंतर सगळा रस्ता सुट्या दगडांचा. चढावर मागचं चाक घसरतं का, हे पाहायला याहून चांगली जागा शहरात नाही.

(चढ. श्वास. चाकाखाली दगड. निवेदन नाही.)

(उतार. निवेदन नाही.)

करकर नाही. खडखड नाही.

अशा फ्रेमला इथे दाद मागायला दुकान नसतं, वॉरंटी कागदावरच राहते, आणि जोराने आपटली तर नाण्याची आणि टॉर्चची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते, शंका आली तर फ्रेम बाजूला ठेवावी लागते.

(पुन्हा दुकान. सायकल स्टँडवर, पकड सीटपोस्टला.)

पहिल्या फेरीनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा. तारा पुन्हा छेडायच्या, कारण नवीन चाकाच्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत बसतात. स्टँडची पकड सीटपोस्टला लावलीय, फ्रेमच्या नळीला कधीच लावायची नाही.

आणि हा छोटा तुकडा. डिरेल्युर हँगर, डिरेल्युर फ्रेमला याच्यावर टांगतात. सायकल उजवीकडे पडली की आधी हा वाकतो आणि फ्रेम वाचवतो. पूर्वी प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असायचा. बिननावाच्या फ्रेमचा हँगर तुटला की तो शोधण्यात महिने जायचे, चांगली फ्रेम तेवढ्यासाठी खिळ्याला टांगून राहायची. 2019 मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्यांना वापरता येईल असं एकच माप जाहीर केलं. खुल्या साच्याच्या अनेक फ्रेम आता त्याच मापाच्या येतात, ही पण. त्यामुळे नामांकित सायकलीत जो हँगर लागतो, तोच हिच्यात लागतो. मागचा ॲक्सल 148 बाय 12 मिलिमीटर, सीटपोस्ट 31.6, बॉटम ब्रॅकेट 41, हेडसेट 41.8 आणि 52. हिच्यातलं एकही माप असं नाही की ज्यासाठी पुन्हा त्याच कारखान्याचं तोंड बघावं लागेल.

"जादाचा एक मागवलास का?"

"दोन मागवले काका. एक दुकानात ठेवा."