मातीची करंजी वळणारे मास्तर

हे स्क्रीनवर दिसतंय ते जरा जवळून बघा. भाजलेली माती आहे, पण काम बघा कसं केलंय, आधी पोळीसारखी पातळ लाटलीये, मग कुठे कापलीये, कुठे चिमटीत धरून करंजीच्या कडेसारखी मुरडलीये आणि त्यातून उभा राहिलाय एक लष्करी जनरल, छातीवर मेडल्स लावून. वर्ष 1971, बांगलादेशचं युद्ध. नाव 'जनरल्स अँड ट्रॉफीज', आता ट्रॉफी कशाच्या ते काय वेगळं सांगायचं.

हे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं काम. शांतिनिकेतन, बडोद्याकडे सगळे त्यांना मणिदा म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

जन्म 1924 चा, केरळातल्या कुथुपरंबाचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकत होते, 'छोडो भारत'मध्ये पडले, जेलमध्ये गेले आणि नंतर सरकारी कॉलेजात अ‍ॅडमिशनच बंद. म्हणजे इंग्रजांनीच त्यांना चित्रकार केलं म्हणा ना! 1944 ला शांतिनिकेतन, शिकवायला नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज. अजून काय पाहिजे.

1951 पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत मास्तरकी, तिथे आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे आधीपासून होतेच. मग 1959 ते 61 मुंबईत, ऑल इंडिया हँडलूम बोर्डात डिझाइनचं काम. हा भाग सगळे एका ओळीत उरकतात पण मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे, कारण मागावर कापड एकदम होत नाही, धाग्याला धागा लागत जातो, आणि 1963 ची लखनौच्या रवींद्रालय नाट्यगृहाची भिंत बघा, जवळजवळ 81 फूट लांब, आणि सगळी टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, छोट्या छोट्या तुकड्यांची! तुकड्याला तुकडा लावत नेलेली. हे डोकं विणकराचं आहे.

वर्गातही तेच. बडोद्याच्या फाइन आर्ट्स फेअरसाठी मणिदा स्वतः खेळणी करायचे, लाकडाचे तुकडे, मणी, चामडं, जे हाताला लागेल ते. मोठा आर्टिस्ट आणि खेळणी कसली करतो, असलं काही नाही. त्यांच्याकडे म्यूरल, म्हणजे भित्तिचित्र, शिकलेली मृणालिनी मुखर्जी, बिनोदबिहारींची मुलगी, तिने पुढे तागाच्या दोरीला गाठी मारत मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली. आता बोला.

काचेवरची चित्रं तर वेगळीच गंमत. काचेच्या मागून रंगवायचं, म्हणजे सगळं उलटं, डोळ्यातला पांढरा ठिपका आधी आणि बॅकग्राउंड शेवटी, डावं ते उजवं होणार ते वेगळंच, आणि एकदा वर दुसरा रंग चढला की आतली चूक दुरुस्त करायची सोय नाही.

1980 ला ते परत शांतिनिकेतनला गेले, तिथल्या कलाशाळेत, कलाभवनात शिकवायला. तिथल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती त्यांनी फक्त काळ्यापांढऱ्यात रंगवल्या. ऊनपावसाने त्या खराब झाल्या, तर 2009 मध्ये मणिदा परत आले आणि पुन्हा रंगवायला घेतल्या, पण जुनं चित्र गिरवत नाही बसले, नवीनच काढलं. वय 85, परांचीवर चढून.