रंगाखालचा फोड

नमस्कार श्रोतेहो.

खंडेनवमीला गाडी धुतलीच असेल तुम्ही. झेंडूचा हार, हळदी-कुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं असेल. पण धुताना मागच्या चाकाच्या कमानीवरून बोट फिरवलंत का? तिथं रंगाखाली मसुराएवढा फोड हाताला लागला असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

सोयाबीनच्या पानावर तांबेरा दिसला की आपण लगेच पंप पाठीवर घेतो. गाडीवर दिसला की म्हणतो, बघू की पुढं! आपल्याकडचा कानडी मिस्त्री त्याला तुक्कु म्हणतो, आपण गंज म्हणतो. पत्रा दोन्ही भाषांत सारखाच खातो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. तिकडचा तांबडा चिखल कमानीच्या आतल्या दुमडीत बसतो आणि वरून गाडी कोरडी दिसली तरी आत ओलाच राहतो. त्यात चोर्ला घाट उतरून गोव्याला, नाहीतर आंबोलीवरून वेंगुर्ल्याला गेलात, की खारी हवा लागते. मिठानं गंजाला पाय फुटतात. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. तोच हा फोड.

माझ्या जुन्या गाडीला असाच फोड होता. गणपतीच्या आधी घाईघाईनं वरून घासून घेतला, लांबी म्हणजे खड्डा बुजवायची पुटी भरली, रंग मारला. झकास दिसत होतं! पुढच्या पावसाळ्यात लांबीचा पापुद्राच हातात आला. लांबी पाणी शोषते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

तर, आधी फोड फोडायचा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा. टोक आरपार गेलं तर हात आवरा. तिथं पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करावा लागतो, ते मिस्त्रीचं काम. दाराखालच्या पट्टीत भोक पडलं असेल तर अजिबात चालढकल नको, गाडीची ताकद तिथं असते.

पत्रा घट्ट लागला तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. पांढरा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. फोड मसुराएवढा असला तरी घासून झाल्यावर डाग रुपयाएवढा निघतो, घाबरू नका. मग 240 नंबरनं रंगाची कड अशी उतरवा की नखाला पायरी लागू नये. उघड्या पत्र्यावर पाणी पेपर नको. पाणी लागलेला पत्रा बघता बघता तांबूस होतो.

बारीक खड्ड्यांत काळपट गंज उरतोच. त्याला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला घट्ट थरात बदलणारं औषध लावतात. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यातही टॅनिन असतं. हिरडा आणि लोखंड मिळून जुन्या काळी काळी शाई करत, तशीच ही जागा काळी पडते. हातमोजे घाला आणि धुवायचं की नाही, ते डब्यावर वाचा.

पूर्ण वाळलं की थिनरच्या फडक्यानं पुसा. विडी-सिगारेट लांब ठेवा. मग इपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन पातळ हात. लांबी लागलीच तर प्रायमरनंतर आणि अगदी पातळ. त्यावर रंग, शेवटी क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीवर असतो. नुसतं 'पांढरा द्या' म्हणालात तर ठिगळ लांबून दिसेल.

हे काम आत्ता, पाऊस उघडल्यावरच करा. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली की दारात पाणी साचतं. केरसुणीची काडी घाला. माझ्या गाडीच्या एका दारातून परवा अर्धा तांब्या पाणी निघालं.