हरणाच्या वाटेवर बांधलेला कॅमेरा

मंडळी, चंद्रपुरात उभं राहून शिकारीवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. पण मी बावीस वर्षं राहतोय त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबर उजाडला की वातावरणच बदलतं. थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरीण मारायचा हंगाम. पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. मला या नादाला लावलं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने. त्यांचा गाईंचा गोठा आहे आणि मागे चाळीस एकर ओकचं रान. आज मला सांगायचंय ते त्या नऊ दिवसांच्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याबद्दल.

हा कॅमेरा तुम्हाला नवा नाही. ताडोबात वाघ मोजायला लावतात, तोच. फरक एवढाच की तुमच्याकडे दोन कॅमेरे समोरासमोर बांधतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरूनच तो ओळखायचा. 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या घरात फोटो आले, आणि त्यांत वाघाचे 76,651. बाकी काय काय आलं असेल, याची कल्पना कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तपासत बसणाऱ्यालाच येते.

आमच्या हरणाला पट्टे नाहीत. व्हाइटटेल म्हणतात त्याला. दचकलं की शेपटी उभी करतं आणि खालचा पांढराशुभ्र भाग दाखवत पळतं. चितळ-सांबराच्याच कुळातलं. नराची शिंगं हिवाळ्यात गळतात, उन्हाळ्यात मखमलीखाली पुन्हा वाढतात, सप्टेंबर लागला की मखमल उतरते. नर ओळखायचा तो शिंगांवरून, म्हणजे ओळखही एका वर्षापुरतीच. पुढच्या वर्षी ठेवण साधारण तशीच येते, पण शपथेवर सांगता येत नाही.

आता या यंत्राची एक खोड. त्याला जनावर दिसत नसतं. त्याच्या पोटातल्या सेन्सरला समोरच्या उष्णतेतला बदल कळतो, बस. म्हणून उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डुललं तरी तो इमानदारीत फोटो काढतो. पहिल्या वर्षी मी सोयाबीनच्या बांधावर, पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा बांधला. तीन आठवड्यांनी कार्ड काढलं, दोन हजारांवर फोटो. मी खुशीत. घरी येऊन बघतो तर सगळं गवत! आणि हरणं नेमकी यायची त्या पहाटेच्या वेळेचे फोटो सूर्य समोर आल्यामुळे पांढरेफटक. शेजारी पोट धरून हसले. तेव्हापासून आमच्या कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला, आणि समोरचं गवत विळ्याने साफ.

आणखी एक गंमत. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. कॅमेऱ्याला हे कोणी सांगत नाही. नर नेमके तेव्हा माजावर आलेले असतात, दिवसाढवळ्या फिरतात, आणि आपण तासाने चुकलेल्या वेळा वहीत उतरवून घेतो.

बांधायचा कुठे? नवशिका मक्याच्या शेतात बांधतो, कारण संध्याकाळी हरणं तिथे दिसतात. ऑगस्टभर झकास फोटो येतात. मग ऑक्टोबरात एकदम शुकशुकाट. माणूस घाबरतो, म्हणतो हरणं गेली कुठे? कुठेही गेलेली नसतात. ओकची फळं गळायला लागलेली असतात. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. मार्चअखेर मोह गळायला लागला की चितळापासून अस्वलापर्यंत सगळे कुठे जमतात? तसंच आहे. ज्याला गळणारं झाड ठाऊक, त्याचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे नराच्या खुणा: शिंगं घासून सोललेली साल, खुराने उकरलेली जमीन आणि तिच्याबरोबर वर लोंबणारी, चघळलेली फांदी. त्या फांदीवर नर आपला गंध ठेवून जातो. एकच नाही, त्या टापूतले बरेच नर येऊन हुंगून जातात. गावच्या पाराचीच कळा असते तिला.

कॅमेऱ्यासमोर मका ओतून हरणं बोलवायची, हाही एक आळशी मार्ग आहे. विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये हरणांना मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग सापडला. एका ढिगाऱ्यावर तोंडाला तोंड लावून खाण्याने तो पसरायचा धोका, म्हणून बऱ्याच काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, असं चारा टाकणं बेकायदा आहे.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या वर्षी मला एका मोठ्या नराचं वेड लागलं. डावं शिंग टोकाशी वाकडं. मी दर शनिवारी कार्ड बदलायला जायचो. एका शनिवारी सकाळच्या कार्डात मीच होतो, आठवडाभरापूर्वीचा, रबरी बूट घालून, कॅमेऱ्याकडे हात पुढे केलेला. त्यानंतर चाळीस मिनिटांनी तोच नर. पुढच्या फोटोत त्याचं नाक जमिनीला टेकलेलं, बरोबर माझ्या पावलावर. त्याच्या पुढच्यात मान वर, दोन्ही कान माझ्या घराच्या दिशेला. आणि शेवटच्यात फक्त पांढरी शेपटी. पुढचे पाच आठवडे तो त्या वाटेवर आला नाही. मी त्याची माहिती काढत होतो, आणि तो माझी काढून मोकळा झाला होता.

शेजाऱ्यांना फोटो दाखवले तर म्हणाले, "तू त्याला दर आठवड्याला पत्र टाकत होतास."

म्हणून सराईत माणूस हंगामाआधी दोनदाच जातो, तेही पावसात, कारण पावसात वास टिकत नाही. बघायची किंमत आहे, ती मोजूनच बघायचं.

सिमकार्डवाल्या कॅमेऱ्याने ही किंमतच काढून टाकली. हरीण कॅमेऱ्यासमोरून गेलं की फोटो फोनवर. ऑफिसात बसून कळतं की आत्ता, या क्षणी, तो ओढ्याच्या वाकणावर आहे. माझ्या मते वाद इथे सुरू होतो, आणि तो प्राणिप्रेमी विरुद्ध शिकारी असा नाही, शिकाऱ्यांच्या घरातला आहे. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) वगैरेंनी काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवतो. असा ताजा फोटो बघून मारलेलं जनावर ते नोंदीत घेत नाहीत. ॲरिझोना तर आणखी पुढे गेलं. कोरडं राज्य, पाणवठे मोजके, आणि एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची जत्रा. 1 जानेवारी 2022 पासून तिथे शिकारीसाठी कॅमेरा वापरायलाच बंदी आहे, कार्डाचा असो की सिमचा. आमच्याकडे अशी सरसकट बंदी नाही. मला ॲरिझोनाचा नियम तिथल्यापुरता पटतो; ओलसर रानात, जिथे हरणाला पाणी कुठेही मिळतं, तिथे कार्डाचा कॅमेरा चालावा. सिमचा नको.

या यंत्राचा मूळपुरुषही शिकारीच. जॉर्ज शायरस, पेनसिल्व्हेनियाचा वकील. मिशिगनच्या तळ्यांवर रात्री होडीत दिवा लावून हरणं मारायची तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांची पद्धत तो शिकला होता. पुढे दिवा तोच, होडी तीच, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. मग त्याने वाटेवर तार ताणली. हरणाचा पाय लागला की फ्लॅशच्या दारूचा भडका उडायचा आणि फोटो निघायचा. जुलै 1906 च्या नॅशनल जिऑग्राफिकने त्याचे 74 फोटो छापले. त्याने बंदूक खाली ठेवली. मी अजून ठेवलेली नाही, हे लपवत नाही. वर्षाला एक हरीण, आणि त्याचं मटण आमच्या घरी मार्चपर्यंत पुरतं. काळ्या मसाल्यात चांगलं लागतं, फक्त चरबी नसते, तेल थोडं जास्त घालावं लागतं.

आत्ता मी इथे बोलतोय तेव्हा तिकडे दोन कॅमेरे झाडाला आहेत. ऑगस्टअखेर बांधले, लिथियमच्या बॅटऱ्या घातल्यात, थंडीत त्याच टिकतात. दिवाळी उरकून परत गेलो की पहिल्या पावसाची वाट बघेन. शेजाऱ्यांचा काल फोन होता, कोरडंच आहे म्हणाले.