शस्त्रक्रियेआधीचे मिलिमीटर

(दृश्य : दसरा चौक, सकाळची वर्दळ)

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयात, म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, गडहिंग्लज, शाहूवाडी, राधानगरीकडचे रुग्ण येतात. निपाणीची तंबाखूची बाजारपेठ या जिल्ह्याला लागूनच आहे. तंबाखू-चुना आणि मिश्री इथल्या माणसांना नवी नाही, त्यामुळे तोंडाचा कर्करोगही अपरिचित नाही. जिभेवरच्या न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासला की रोगाचे नाव कळते. तो किती आक्रमक आहे आणि मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत (तिथल्या छोट्या गाठींपर्यंत) जाण्याचा धोका किती, हे ठरवण्यासाठी मात्र ती जखम आत किती रुतली आहे, हे पाहावे लागते.

(दृश्य : एमआरआय कक्ष, संगणकाच्या पडद्यावर जिभेचा आडवा छेद)

कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या, 2018 पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गाठीच्या लांबी-रुंदीबरोबर तिच्या खोलीलाही स्थान मिळाले. दोन सेंटीमीटरच्या आतली गाठदेखील 5 मिलिमीटरपेक्षा खोल असेल, तर ती सर्वांत सौम्य गटात बसत नाही. दोन ते चार सेंटीमीटरची गाठ 10 मिलिमीटरपेक्षा खोल असेल, तर ती आणखी वरच्या गटात जाते. ही खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे. फुलकोबीसारखी वर उगवलेली गाठ जाड असूनही उथळ असू शकते, तर खड्डा पडलेला व्रण पातळ दिसूनही स्नायूत शिरलेला असतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट दोन्ही बाजूंच्या निरोगी अस्तराला जोडणारी एक काल्पनिक रेषा आखतो आणि तिच्यापासून गाठीच्या तळापर्यंत काटकोनात अंतर मोजतो. ज्या अहवालात हा आकडा नाही, तो सर्जनच्या दृष्टीने अपुराच म्हणावा लागेल.

मानेतील लसिकाग्रंथीही काढायच्या की नाही, हा निर्णय या आकड्यावर अवलंबून असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानेत गाठी हाताला न लागणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचे दोन गट केले होते. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील लसिकाग्रंथीही काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर 80 टक्के रुग्ण हयात होते. मानेत रोग दिसल्यावरच ती शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होते. अगदी उथळ गाठींमध्ये मात्र हा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही, आणि तिथेच खोलीच्या मोजमापाचे मोल वाढते.

गालाच्या आतील गाठीसाठी सीटी स्कॅन करताना रुग्णाला गाल फुगवून धरायला सांगतात. गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली असली, तर गाठ कुठून निघाली हे चित्रात उमगत नाही. मध्ये हवा आली की दोन्ही वेगळी दिसतात. इतका साधा उपाय, पण तो रुग्णाला आधी नीट समजावून सांगावा लागतो.

एमआरआयमधील ‘डिफ्यूजन’ तपासणी ऊतींमधल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवते. पेशी दाटीने वाढल्या असतील तर ही हालचाल अडते, त्यामुळे गाठ किती आक्रमक असावी याचा काहीसा अंदाज येतो. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य पेशींत किती शोषले जाते ते दिसते. परंतु सुजलेली हिरडीही त्यात उजळते, म्हणून केवळ उजेडावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

(दृश्य : सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकाच पडद्यासमोर)

एमआरआयलाही मर्यादा आहेत. दातांतील धातूमुळे चित्र विस्कटते आणि अगदी उथळ गाठ कधीकधी दिसतच नाही. गाठीभोवतीची सूज खोलीत मोजली जाते, शिवाय शस्त्रक्रियेत काढलेला भाग नंतर आकसतो. त्यामुळे चित्रातील खोली सूक्ष्मदर्शकाखालच्या खोलीपेक्षा बहुधा थोडी जास्त भरते. निदानासाठी तुकडा घेतल्यानंतर येणारी सूजही त्यात मिसळते, म्हणून शक्य असेल तिथे एमआरआय त्याआधी करणे श्रेयस्कर. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्ण तालुक्याच्या गावी तुकडा देऊनच इथे पोहोचतात. अशा वेळी तुकडा घेतल्याची तारीख रेडिओलॉजिस्टला कळवणे गरजेचे ठरते.

अंतिम खोली मात्र काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा पॅथॉलॉजिस्टच लिहितो. ती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि मान तशीच सोडलेली असली, तर रुग्णाला दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागू शकते.